जुन्या इंजिनातील टकटकीचा माग

कोल्हापूरला जुन्या गाड्यांचे अप्रूप पहिल्यापासून आहे. दसऱ्याला संस्थानची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा सोने लुटायला जमलेल्या गर्दीतील कितीतरी नजरा त्या गाडीवरच खिळलेल्या असतात. शहरातल्या जुन्या घरांच्या आवारात एखादी प्रीमियर पद्मिनी अजूनही आच्छादन घालून जपून ठेवलेली आढळते आणि रविवारी सकाळी रंकाळ्यापर्यंत एक फेरी मारून आणली जाते. अशी गाडी चालती ठेवणाऱ्या प्रत्येकाला एक अडचण कधी ना कधी येतेच. काल नसलेली बारीक टकटक आज बॉनेटखालून ऐकू येऊ लागते, आणि ती नेमकी कशाची आहे याविषयी जितकी माणसे बॉनेटभोवती जमतात तितकी मते पडतात. कोणी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची झडप ढकलणारा भाग, म्हणतो, कोणी टायमिंग चेन म्हणतो, तर कोणी थेट इंजिन उतरवायला सांगतो.

या मतभेदाचे कारण असे, की आपण बहुतेक वेळा आवाज कसा आहे एवढेच ऐकतो. तो खणखणीत आहे की बोदा, पातळ आहे की जाड, यावरून आपण निदान करू पाहतो. आणि इंजिनाच्या बाबतीत आवाजाचा हाच गुण सर्वांत जास्त फसवतो. आधी तपासायला हवी ती आवाजाची लय.

हलगीचे उदाहरण घेतले तर हा फरक चटकन लक्षात येईल. हलगीचा नाद कातड्याच्या ताणावर, कड्याच्या आकारावर आणि ती शेकली आहे की नाही यावर ठरतो. ठेका मात्र वाजवणाऱ्याच्या हातावर ठरतो. इंजिनातही एखादा सैल भाग दुसऱ्या भागावर आदळतो, तेव्हा त्या आघाताने जवळचे पत्र्याचे झाकण, ब्लॉकची भिंत किंवा तेलाची टाकी आपापल्या नैसर्गिक वारंवारतेने कंप पावते आणि आपल्या कानावर पडतो तो मुख्यतः या कंप पावणाऱ्या भागांचा नाद. म्हणून खाली, ब्लॉकच्या कुशीत होणारा आघात वरच्या रॉकरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांच्या, झाकणातून वाजू शकतो. आघात सेकंदाला किती वेळा होतो, हे मात्र कोणत्याही झाकणाला बदलता येत नाही. ते फक्त आघात करणाऱ्या भागाच्या फिरण्यावर अवलंबून असते.

आता थोडे आकडे पाहू. पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरचे आणि १,०८९ घन सेंटिमीटरचे आहे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर असून पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर आहे. स्लोवर, म्हणजे रेस न देता, हे इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांनी चालते आहे असे धरले, तर क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा मुख्य दांडा, सेकंदाला १५ वेळा फिरते. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडायचा असतो, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट बरोबर निम्म्या गतीने, सेकंदाला साडेसात वेळा फिरते. चारही सिलिंडरमधील स्फोट एकत्र मोजले, तर ते सेकंदाला ३० होतात. याचा अर्थ असा, की एकच टॅपेट सैल असेल तर त्याची टकटक सेकंदाला साडेसात वेळा ऐकू येईल आणि क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेरीत एकदा आदळणाऱ्या भागाची टकटक त्याच्या दुप्पट वेगाने येईल.

सेकंदाला पंधरा ठोके कानाने मोजणे कठीण असते, कारण साधारण वीस ठोक्यांच्या पुढे तर आपल्याला ते सुटे न वाटता एक सलग गुणगुण वाटू लागते. म्हणून जाणता मिस्त्री कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून इंजिन शक्य तितके संथ करतो. याहून भरवशाचा मार्ग टायमिंग लाइटचा आहे. हा दिवा पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या वायरीला जोडला, की त्या प्लगमध्ये ठिणगी पडताच एकदा चमकतो, म्हणजे क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा, नेमका कॅमशाफ्टच्या गतीने. चमक आणि टकटक जोडीने चालत असतील तर आवाज कॅमशाफ्टच्या गतीचा आहे; एका चमकेला दोन ठोके पडत असतील तर तो क्रँकशाफ्टच्या गतीचा आहे; आणि दोघांचा मेळच बसत नसेल, ठोका चमकेच्या पुढेमागे सरकत राहत असेल, तर पुलीच्या गुणोत्तरामुळे वेगळ्याच गतीने फिरणाऱ्या डायनॅमोकडे किंवा वॉटर पंपाकडे वळावे. तेव्हा फॅन बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवून पाहणे पुरेसे असते. त्याहून जास्त वेळ चालवू नये, कारण बेल्टबरोबर पाण्याचे फिरणेही थांबलेले असते.

शिवाजी उद्यमनगरातील एका गॅरेजात अलीकडे आलेल्या एका पद्मिनीने लयीचे महत्त्व आणि तिची मर्यादा दोन्ही दाखवून दिले. लेथ, बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगची कामे पिढ्यानपिढ्या करणाऱ्या या वसाहतीत इंजिनाचे पोट ओळखणारी माणसे मिळतात, हे कोल्हापूरचे भाग्यच म्हटले पाहिजे. त्या गाडीची टकटक दिव्याच्या चमकेशी तंतोतंत जुळत होती, म्हणजे कॅमशाफ्टच्या गतीची होती. साहजिकच संशय टॅपेटवर गेला. रॉकरचे झाकण काढून फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, आठही व्हॉल्व्हची फट तपासून बसवून घेतली. तरी टकटक तशीच राहिली. मग मिस्त्रींनी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचे टोक रॉकरच्या झाकणावर टेकवले, मूठ कानाच्या पुढच्या हाडाला लावली आणि डोळे मिटून ऐकत टोक हळूहळू खाली ब्लॉकवर आणले. पेट्रोलच्या पंपापाशी येताच ते थांबले आणि म्हणाले, "टॅपेट न्हाई मालक ह्यो. बघा, हितनं येतोय."

साध्या स्क्रू-ड्रायव्हरने हे कसे साधते, यामागचे विज्ञान मला फार सुंदर वाटते. धातूतून हवेत जाताना ध्वनीची वाट अडते, कारण दोन्ही माध्यमांचा ध्वनीला होणारा विरोध अतिशय भिन्न असतो. पोलादाचा तो हवेच्या सुमारे लाखपट आहे. पोलादातून सरळ येऊन पृष्ठभागावर आदळणाऱ्या ध्वनिऊर्जेच्या एक लाख भागांपैकी जेमतेम तीन-चार भाग हवेत उतरतात आणि बाकीचे आत परततात. शिवाय हवेत उतरलेला आवाज बॉनेट, रेडिएटर आणि चाकांवरील पत्र्यांवर आपटून चहूबाजूंनी कानावर येतो. आवाजाची दिशा आपण ओळखतो, ती तो एका कानाला दुसऱ्या कानापेक्षा किंचित आधी पोहोचतो म्हणून; हा फरक फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो आणि प्रतिध्वनींच्या गर्दीत तो पुसट होतो. स्क्रू-ड्रायव्हर हवेचा हा सगळा टप्पाच वगळतो. कंपने पोलादातून सुमारे ५,००० मीटर प्रतिसेकंद या वेगाने मुठीपर्यंत आणि तिथून कवटीच्या हाडातून थेट अंतःकर्णापर्यंत जातात. टोक आघाताच्या जागेपासून थोडे जरी सरकले तरी आवाज मंदावतो, त्यामुळे जागा सापडते. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रने लाएनेक यांनी कागदाच्या गुंडाळीपासून सुरू केला. आज गॅरेजात वापरला जाणारा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप हे त्याचेच रूप आहे, फक्त त्याच्या टोकाला चकतीऐवजी पोलादी सळई असते. ही सळई किंवा स्क्रू-ड्रायव्हर लावताना पंखा आणि बेल्ट यांपासून हात आणि सैल कपडे दूर ठेवणे अत्यंत आवश्यक आहे.

पद्मिनीचा पेट्रोल पंप विजेवर चालत नाही. कॅमशाफ्टवरील एक विकेंद्री चकती प्रत्येक फेरीत पंपाचा दांडा एकदा ढकलते आणि त्यामुळे आतला पडदा खाली ओढला जाऊन पेट्रोल खेचले जाते. दांडा चकतीला सतत चिकटून राहावा म्हणून आत एक छोटी स्प्रिंग असते. ती थकली किंवा दांड्याचे टोक झिजले, की दांडा क्षणभर सुटतो आणि परत येऊन आदळतो. हा आघात कॅमशाफ्टच्या फेरीत एकदाच होत असल्यामुळे त्याची लय सैल टॅपेटसारखीच असते. खात्री करण्यासाठी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पंप उतरवला, त्याच्या जागी जाड पत्र्याची चकती बसवली, पेट्रोलची नळी नीट बंद केली आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ चालवले. टकटक पूर्ण थांबली होती. पंपाचा दांडा हातात घेतला तेव्हा त्याच्या टोकाला नखाला जाणवेल अशी खाच पडलेली होती. इंजिन उतरवण्याचा सल्ला मानला असता, तर ते सारे उघडून पुन्हा जोडल्यावरही हाच पंप परत बसवला गेला असता आणि आवाज कायम राहिला असता.

लयीने संशयितांची यादी लहान झाली, की पुढचा प्रश्न भाराचा असतो. प्रत्येक सिलिंडरच्या प्लगची ठिणगी आळीपाळीने बंद करून पाहिली, तर त्या सिलिंडरमधील स्फोटाचा दाब नाहीसा होतो. पिस्टन, त्याची पिन किंवा पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग यांचा आवाज त्या दाबावर पोसलेला असतो, त्यामुळे संबंधित सिलिंडर बंद पडताच तो मंदावतो किंवा बदलतो. टॅपेट आणि पेट्रोल पंप यांना स्फोटाशी कर्तव्य नसते, म्हणून त्यांचा आवाज आहे तसा राहतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले असेल तरी टॅपेटसारखी टकटक येते, पण तीही प्लग बंद केल्यावर दबते. हा प्रयोग फक्त जुन्या, पॉइंट (ठिणगीसाठी वीजप्रवाह तोडणारे यांत्रिक स्विच) असलेल्या गाडीवर आणि उत्तम इन्सुलेशन असलेल्या अवजारानेच करावा, कारण प्लगच्या वायरीत हजारो व्होल्टचा दाब असतो आणि नव्या गाडीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्याने जळू शकते.

रॉडच्या बेअरिंगचा आवाज मात्र टाळाटाळ करण्याचा नव्हे. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते आणि त्यात तेलाचा दाबयुक्त थर असतो. बेअरिंग झिजले की थर टिकत नाही आणि रॉड प्रत्येक वेळी बलाची दिशा पालटताना क्रँकवर आदळतो. पिस्टन आणि रॉड यांचे जडत्वाचे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ९०० वरून ४,५०० फेऱ्यांवर गेल्यास ते पाचपट न होता पंचवीसपट होते. म्हणून रेस देऊन पाय सोडताक्षणी येणारा खोल, बोदा ठोका ऐकू आला, तर गाडी तिथेच बंद करून दोरीने ओढून न्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गगनबावड्याच्या घाटात टॉप गिअरमध्ये गाडी रेटताना येणारा बारीक, काचेसारखा खणखणाट ही निराळी गोष्ट आहे. तिथे कोणताही भाग सैल नसतो. सिलिंडरमधील मिश्रणाचा उरलेला भाग ज्योत पोहोचण्याआधीच पेटतो आणि दाबाची लहर भिंतींवर आदळते. गिअर खाली घेतल्यास किंवा ठिणगीची वेळ थोडी मागे केल्यास तो थांबतो.

तिसरा साक्षीदार तापमान. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि ब्लॉक बिडाचा असतो, आणि ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. दोन्ही १०० अंशांनी तापले, तर ६८ मिलिमीटरच्या व्यासात त्यांच्यामधील फट सुमारे ०.०८ मिलिमीटरने कमी होते. त्यामुळे थंड इंजिनात वाजणारा झिजका पिस्टन गाडी तापल्यावर गप्प होतो. बेअरिंगचे उलटे आहे. तेल तापून पातळ झाले की त्याचा ठोका वाढतो.

इथे शांत इंजिनाविषयीही सांगायला हवे. भारतात २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि हवेच्या दृष्टीने ते फार चांगले झाले. जुन्या इंजिनांत मात्र शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवत असे. मऊ बिडाची बैठक झिजली की व्हॉल्व्ह आत रुततो, टॅपेटची फट कमी होत जाते आणि आवाज उलट घटतो. शेवटी फट उरतच नाही, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि गरम वायूने त्याची कड जळते. म्हणून आवाज नसला तरी टॅपेटची फट वेळोवेळी मोजावी.

आता प्रत्येकाच्या खिशात असलेला मोबाइलही या कामी येतो. कोणताही गुंतागुंतीचा आवाज साध्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येतो, हे जोसेफ फूरिए यांच्या १८२२ च्या ग्रंथातील गणितातून पुढे आले, आणि ते गणित संगणकाने झटपट करण्याची कूली आणि टुकी यांची पद्धत १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. मोबाइलवरील आलेख काढणारी ॲप्स हीच पद्धत वापरतात. सेकंदाला साडेसात आणि सात पूर्णांक नऊ दशांश ठोक्यांमधील फरक ओळखायचा असेल, तर निदान अडीच सेकंदांचे ध्वनिमुद्रण लागते. दहा सेकंदांचे असेल तर एक दशांशाचा फरकही दिसतो, मात्र तेवढा वेळ इंजिन एका गतीने चालले पाहिजे आणि मोबाइलची आवाज स्वच्छ करण्याची सोय बंद असली पाहिजे. टकटकीचा नाद काही हजार हर्ट्झचा असल्याने तिचा ठेका थेट आलेखात उमटत नाही. आधी आवाजाच्या चढउताराची बाह्यरेषा काढून त्या रेषेचा आलेख काढावा लागतो. पद्मिनीच्या डॅशबोर्डवर फेऱ्यांचा काटा नाही, तीही उणीव इथे भरून निघते. सायलेन्सरच्या तोंडाशी केलेल्या मुद्रणात स्फोटांचे ठळक शिखर ३० हर्ट्झवर आले, तर इंजिन ९०० फेऱ्यांवर चालू आहे. आणि बॉनेटखालच्या मुद्रणाच्या बाह्यरेषेत पहिले शिखर साडेसातवर दिसले तर आघात कॅमशाफ्टच्या गतीचा आहे, पंधरावर दिसले तर क्रँकशाफ्टच्या.