अ‍ॅनालिटिकलवाल्यांचा मॉलिक्युलर स्पेक्ट्रोस्कोपीचा पेपर: हा सिलॅबस असा कसा झाला

एमएससीच्या दुसऱ्या वर्षाला किंवा पीएचडीच्या कोर्सवर्कला अ‍ॅनालिटिकलच्या मुलांना मॉलिक्युलर स्पेक्ट्रोस्कोपीचा, म्हणजे मॉलिक्यूलवर प्रकाश टाकून काय होतं त्यावरून तो ओळखायचा आणि मोजायचा, असा पेपर असतो, आणि त्याचा सिलॅबस पहिल्यांदा बघितला की प्रश्न पडतोच की हे सगळं एकत्र आलं कसं. सुरुवातीला बीअर-लँबर्ट (द्रावण किती प्रकाश शोषतं त्यावरून कॉन्सन्ट्रेशन काढायचा नियम), मग एकदम हार्मोनिक ऑसिलेटर आणि ग्रुप थिअरी (मॉलिक्यूलच्या कंपनांचं आणि सममितीचं गणित), मग मोनोक्रोमेटर, डिटेक्टर, नॉइज, मग कुठला पीक कुठल्या फंक्शनल ग्रुपचा ते पाठ करा, आणि शेवटी केमोमेट्रिक्स, म्हणजे केमिस्ट्रीच्या आकड्यांवरचं स्टॅटिस्टिक्स. एका युनिटमधून दुसऱ्यात जाताना धागा सापडत नाही, कारण हे तुकडे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या प्रश्नांसाठी तयार केलेत. फिजिक्सवाल्याला मॉलिक्यूल कसा आहे हे हवं होतं, ऑरगॅनिकवाल्याला आपण जे बनवलं ते नक्की काय आहे हे हवं होतं, आणि अ‍ॅनालिटिकलवाल्याला किती आहे आणि ते कितपत खात्रीने सांगता येईल हे हवं होतं. माझ्या मते हा तिसरा प्रश्नच या पेपरचा गाभा आहे, आणि वर्गात सगळ्यात कमी तास त्यालाच मिळतात.

खरं तर तोच प्रश्न सगळ्यात जुना. १७२९ मध्ये फ्रान्समध्ये बुगेरने प्रकाश एखाद्या थरातून जाताना कसा कमी होत जातो ते मांडलं, १७६० मध्ये लँबर्टने त्याला गणिताचं रूप दिलं, आणि १८५२ मध्ये जर्मनीत बीअरने रंगीत द्रावणांवर काम करून त्यात कॉन्सन्ट्रेशन आणलं. म्हणजे आपण एका ओळीत लिहितो तो नियम सव्वाशे वर्षांत तीन माणसांनी मिळून पुरा केलाय. १८५६ मध्ये नेसलरचा रिएजंट आला, पाण्यातला अमोनिया पिवळसर रंगावरून मोजायचा, काचेच्या ट्यूबा शेजारी शेजारी धरून वरून बघायचं आणि स्टँडर्डशी रंग जुळवायचा. डिटेक्टर म्हणजे माणसाचा डोळा. नेसलर ट्यूबा आजही कित्येक कॉलेजच्या लॅबमध्ये दिसतात, पण त्या कुठून आल्या हे सहसा कुणी सांगत नाही.

त्याच्या आधी १८०० मध्ये विल्यम हर्शलने प्रिझममधून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात लाल रंगाच्याही पलीकडे थर्मामीटर ठेवला आणि तिथे तापमान जास्त दिसलं, ते इन्फ्रारेड. पुढच्याच वर्षी रिटरला सिल्व्हर क्लोराईड जांभळ्याच्या पलीकडे जास्त काळं पडताना दिसलं, ते अल्ट्राव्हायोलेट. बुन्सेन आणि किर्चहॉफचं १८५९-६० चं हायडेलबर्गचं काम सगळ्यांना माहीत असतं, सीझियम-रुबिडियम तिथेच सापडले, पण ते अ‍ॅटमचं स्पेक्ट्रम, आपल्या पेपरला त्याचा संबंध तसा लांबचा, त्यामुळे पुढे जाऊ.

मॉलिक्यूलच्या बाजूने पहिलं मोठं नाव म्हणजे विल्यम कोब्लेन्ट्झ. १९०५ मध्ये त्याचं इन्फ्रारेडचं काम प्रसिद्ध झालं, शंभरावर पदार्थांचे स्पेक्ट्रम, मिठाचा प्रिझम, आणि रीडिंग एकेक पॉइंट करत हाताने घ्यायचं, त्यामुळे एका स्पेक्ट्रमला तासन् तास जायचे. त्याच्या लक्षात आलं की ठराविक ग्रुप असलेल्या पदार्थांमध्ये शोषण ठराविक जागीच होतं, मग बाकीचा मॉलिक्यूल कसाही असो. आज आपण जो पीक टेबल पाठ करतो त्याचं बीज हेच आहे. पण केमिस्ट लोकांनी तेव्हा फार मनावर घेतलं नाही, कारण रोजच्या नमुन्यासाठी एवढा वेळ कोण घालवणार.

मग १९२० च्या दशकात क्वांटम मेकॅनिक्स आलं आणि स्पेक्ट्रोस्कोपी काही वर्षं पूर्ण फिजिक्सवाल्यांच्या ताब्यात गेली. फ्रँक-कॉन्डन तत्त्व (इलेक्ट्रॉन उडी मारतो तेवढ्यात न्यूक्लिअस जागचे हलत नाहीत) १९२५-२६ चं, बॉर्न-ओपनहायमर (इलेक्ट्रॉन आणि न्यूक्लिअसची गती वेगळी धरायची) १९२७ चं, आणि लगेच २८ फेब्रुवारी १९२८ ला कलकत्त्यात बाउबाजार स्ट्रीटवरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये रामन आणि कृष्णन यांचा शोध, की पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशातल्या थोड्या भागाची वेव्हलेंग्थ बदलते आणि तो बदल मॉलिक्यूलच्या कंपनांवर अवलंबून असतो. हा दिवस आपण विज्ञान दिन म्हणून साजरा करतो, भाषणं होतात, पण अ‍ॅनालिटिकलच्या मुलांनी यातली एक गोष्ट नीट समजून घ्यावी असं मला फार वाटतं. रामनचा सिग्नल भयानक दुबळा असतो, टाकलेल्या प्रकाशातला साधारण कोटीतला एखादा फोटॉन तसा येतो, आणि तरी त्यांनी पहिल्याच निवेदनात साठेक द्रवांमध्ये तो दिसल्याचं सांगितलं होतं. मॉस्कोत लान्ड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांना त्याच वर्षी स्फटिकांमध्ये हाच परिणाम दिसला. १९३० च्या दशकात तर मॉलिक्यूलच्या व्हायब्रेशन्स बघायला इन्फ्रारेडपेक्षा रामनच सोयीचं पडायचं, कारण मर्क्युरीचा दिवा, काचेचा प्रिझम आणि फोटोग्राफिक प्लेट एवढ्यावर काम व्हायचं.

याच काळातला जर्मन फिजिसिस्ट हर्झबर्ग. बायको ज्यू म्हणून जर्मनीत शिकवणं बंद झालं, १९३५ मध्ये कॅनडात सस्काटूनला गेला, आणि तिथे बसून त्याने मॉलिक्युलर स्पेक्ट्रावरचे जाडजूड ग्रंथ पुढे नेले, १९७१ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याला मिळालं. आपल्या सिलॅबसमधलं रिजिड रोटर, टर्म सिम्बॉल, सिलेक्शन रूल हे सगळं या परंपरेतून आलंय. ही माणसं एखाद्या बँडवर वर्षं घालवायची. आपल्याकडेही ती परंपरा होती, आर. के. असुंदी यांच्या नावाने कार्बन मोनॉक्साईडचे असुंदी बँड्स ओळखले जातात, ते बनारसला होते आणि नंतर मुंबईत ट्रॉम्बेला अणुऊर्जा केंद्रात स्पेक्ट्रोस्कोपीचा विभाग त्यांनी सांभाळला. तिथे गरज वेगळी होती, रिअ‍ॅक्टरच्या युरेनियममध्ये बोरॉनसारखी अशुद्धी अगदी किंचित असली तरी चालत नाही, म्हणजे फिजिक्सच्या परंपरेतल्या माणसासमोर पुन्हा किती आहे हाच प्रश्न येऊन उभा राहिला.

आता येतो १९४१, आणि इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण आपला पेपर ज्या रूपात आहे तो इथून सुरू होतो. कॅलिफोर्नियात अर्नोल्ड बेकमनच्या कंपनीने डीयू नावाचं स्पेक्ट्रोफोटोमीटर बाजारात आणलं, किंमत ७२३ डॉलर. क्वार्ट्झचा प्रिझम, यूव्हीसाठी हायड्रोजनचा दिवा, फोटोट्यूब, आणि त्या फोटोट्यूबचा बारीक करंट वाचायला त्यांच्याच पीएच मीटरमधलं अ‍ॅम्प्लिफायरचं तंत्र. तेव्हा व्हिटॅमिन ए मोजायला उंदरांना खायला घालून वाढ बघायची पद्धत होती, त्यात आठवडे जायचे, आणि आता माशाच्या लिव्हर ऑइलचं द्रावण करून ३२८ नॅनोमीटरच्या आसपास रीडिंग घेतलं की काही मिनिटांत आकडा. डोळा गेला आणि मीटर आला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जपान युद्धात उतरला आणि थोड्याच महिन्यांत मलाया वगैरे भाग जपानच्या ताब्यात गेल्याने अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा बहुतेक पुरवठाच तुटला. टायर नाही तर युद्ध नाही. कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाईन लागतं, ते पेट्रोलियमच्या चार कार्बनवाल्या हायड्रोकार्बनांमधून काढायचं, आणि त्या मिश्रणातले आयसोमर एकमेकांच्या इतके जवळचे की ऊर्ध्वपातनाने वेगळे करून मोजायला फार वेळ लागायचा. इन्फ्रारेडमध्ये मात्र प्रत्येकाचे पीक वेगळे. जितके घटक तितक्या वेव्हलेंग्थवर रीडिंग घ्यायची, बीअरच्या नियमाने तितकी समीकरणं मांडायची आणि सोडवायची. शेल कंपनीतल्या रॉबर्ट ब्रॅटनच्या डिझाइनवरून बेकमनने १९४२ मध्ये आयआर-१ बनवलं, आणि ते युद्धाच्या कामासाठी गुप्त असल्याने उघडपणे त्याबद्दल काही छापता येत नव्हतं. पर्किन-एल्मरचं मॉडेल १२ आलं १९४४ मध्ये. फिजिक्सवाल्यांची स्पेक्ट्रोस्कोपी आणि अ‍ॅनालिस्टचा किती हा प्रश्न इथे पहिल्यांदा एका कारखान्यात एकत्र आले, आणि तेही घाईत, युद्धाच्या दडपणाखाली.

युद्ध संपल्यावर मशीनं विकायला होती आणि चालवणारी माणसं नव्हती. युनिव्हर्सिटीत अ‍ॅनालिटिकल म्हणजे ग्रॅव्हिमेट्री, टायट्रेशन आणि गटवार गुणात्मक परीक्षण असंच चालू होतं. ती पोकळी भरायला १९५० मध्ये एमआयटीत रिचर्ड लॉर्डने उन्हाळी इन्फ्रारेड कोर्स सुरू केला. तिथे इंडस्ट्रीतले केमिस्ट यायचे. १९७२ मध्ये तो कोर्स मेन राज्यातल्या बोडन कॉलेजात गेला आणि पुढे त्याच नावाने ओळखला गेला. १९५० मध्येच पिट्सबर्गला अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री आणि अप्लाइड स्पेक्ट्रोस्कोपीची परिषद सुरू झाली, आणि अमेरिकन सायनामिडमधल्या नॉर्मन कॉल्थपने कुठला ग्रुप कुठे शोषतो याचा तक्ता छापला जो नंतर जगभर लॅबच्या भिंतींवर लागला. १९५२ मध्ये केबीआर पेलेटची पद्धत आली, म्हणजे नमुना पोटॅशियम ब्रोमाईडच्या पावडरीत मिसळून, दाबून त्याची पारदर्शक चकती करायची. आज डायमंड एटीआरवर (हिऱ्यावर नमुना दाबून, आतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने स्पेक्ट्रम घेणारी जोडणी) चिमूटभर पावडर दाबून स्पेक्ट्रम घेणाऱ्या मुलांना पेलेट फुटणं, ओलाव्याचा रुंद पीक ३४०० ला येणं हे माहीतच नसतं, आणि एटीआरच्या स्पेक्ट्रममध्ये पीकची उंची वेव्हलेंग्थप्रमाणे बदलते हेही कुणी सांगत नाही, मग ट्रान्समिशनच्या लायब्ररीशी ताडून बघताना गोंधळ होतो.

एनएमआरचा (चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या न्यूक्लिअसकडून रेडिओ सिग्नल घेणारी स्पेक्ट्रोस्कोपी) धागा मुंबईशी जोडलेला आहे आणि तो मला फार जवळचा वाटतो. ब्लॉक आणि पर्सेल यांनी १९४६ मध्ये सिग्नल मिळवला तो न्यूक्लिअसचे गुणधर्म मोजायला. नंतर केमिकल शिफ्ट सापडली, म्हणजे एकाच न्यूक्लिअसचा सिग्नल आजूबाजूच्या रचनेप्रमाणे थोडा सरकतो असं दिसलं, तेव्हा फिजिक्सवाल्यांना ती आधी कटकटच वाटली. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलचे तीन वेगवेगळे पीक दाखवले, क्षेत्रफळं १:२:३, ओएच, सीएच२, सीएच३. यातले एस. एस. धर्मट्टी नंतर मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चला आले आणि तिथे एनएमआरचं काम त्यांनी उभं केलं. क्षेत्रफळ थेट न्यूक्लिअसच्या संख्येच्या प्रमाणात असतं हे त्या तीन पीकांत उघड दिसत होतं, आणि आजचं क्वांटिटेटिव्ह एनएमआर त्याच गोष्टीवर उभं आहे, ज्या पदार्थाचं स्टँडर्ड मिळत नाही तोही दुसऱ्या एखाद्या शुद्ध पदार्थाच्या आधाराने मोजता येतो. वर्गात मात्र एनएमआर म्हणजे स्ट्रक्चर काढा एवढंच, रिलॅक्सेशनला, म्हणजे न्यूक्लिअस पुन्हा मूळ स्थितीत यायला, पुरेसा वेळ दिला नाही तर क्षेत्रफळ चुकतं हे अ‍ॅनालिस्टला सगळ्यात आधी सांगायला हवं.

पुढचा मोठा बदल कॉम्प्युटरचा. मायकेल्सनचा इंटरफेरोमीटर १८८० च्या दशकातला, फेलगेटने १९४९ मध्ये दाखवलं की सगळ्या वेव्हलेंग्थ एकाच वेळी मोजल्या तर नॉइजच्या बाबतीत फायदा होतो, पण त्या एकत्र सिग्नलमधून स्पेक्ट्रम काढायचं गणित, फूरिये ट्रान्सफॉर्म, करायचं कुणी? १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांचा अल्गोरिदम आला आणि १९६९ मध्ये डिजिलॅबने मिनीकॉम्प्युटरसकट एफटीआयआर (फूरिये ट्रान्सफॉर्म इन्फ्रारेड) विकायला काढलं. एनएमआरमध्ये अर्न्स्टने त्याच दशकात हेच केलं. रामनला १९६० च्या लेसरने नवा जन्म दिला, १९७४ मध्ये साउदम्प्टनला फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांना चांदीच्या खडबडीत इलेक्ट्रोडवर पिरिडीनचा जबरदस्त सिग्नल मिळाला, आणि १९८६ मध्ये १०६४ नॅनोमीटरच्या लेसरवर एफटी-रामन आलं तेव्हा रामनचा सिग्नल झाकून टाकणाऱ्या फ्लुओरेसन्सची डोकेदुखी बरीच कमी झाली.

आपल्याकडे ही मशीनं प्रत्येक युनिव्हर्सिटीला परवडणारी नव्हतीच, म्हणून केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने सत्तरच्या दशकात प्रादेशिक उपकरण केंद्रं काढली, आयआयटी मुंबईतलं १९७६ चं. फार मोलाची सोय झाली, पिढ्याच्या पिढ्या तिथे सॅम्पल पाठवून पीएचडी झाल्या. पण एक गोष्ट घडली, सॅम्पल पोस्टाने जायचं आणि स्पेक्ट्रमचा कागद परत यायचा, त्यामुळे स्लिट किती होती, स्कॅन किती घेतले, बॅकग्राउंड कधीचं होतं हे विचारायची सवयच लागली नाही, इन्स्ट्रुमेंटेशनचं युनिट परीक्षेपुरतं उरलं. स्ट्रे लाइटचंच बघा. खरा अ‍ॅब्सॉर्बन्स २ आहे (म्हणजे प्रकाशाचा शंभरावा भागच पार जातो) आणि मशीनमध्ये १ टक्का भटका प्रकाश आहे तर मीटर साधारण १.७ दाखवतं, आणि कॉन्सन्ट्रेशन कितीही वाढवलं तरी २ च्या वर जातच नाही. कॅलिब्रेशनची रेषा वाकली की मुलं लिहितात बीअरच्या नियमाचं डेव्हिएशन, आणि मॉलिक्यूलला दोष देतात.

सिलॅबसचं शेवटचं युनिट, केमोमेट्रिक्स, तेही असंच गरजेतून आलं. अमेरिकेच्या कृषी खात्यात कार्ल नॉरिसने धान्यातला ओलावा नियर-इन्फ्रारेडने मोजायला घेतला, तिथे सगळे बँड एकमेकांत मिसळलेले, एक पीक एक पदार्थ असं काही चालत नाही, म्हणून अनेक वेव्हलेंग्थ घेऊन स्टॅटिस्टिक्सने मॉडेल बांधायचं. सत्तरच्या दशकात स्वांते वोल्ड आणि कोवाल्स्की यांनी या विषयाला उभं केलं. रबराच्या वेळची ती समीकरणंच इथे मोठ्या रूपात परत आली आहेत, फरक इतकाच की आता घटक किती आहेत हेही आधी माहीत नसतं. २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषध नियामक संस्थेने, प्रोसेस अ‍ॅनालिटिकल टेक्नॉलॉजीची मार्गदर्शिका काढली आणि नियर-इन्फ्रारेड, रामन थेट औषधाच्या उत्पादनात शिरलं. आता गोदामात कच्च्या मालाची पिशवी न उघडता हातातल्या रामनने तपासतात आणि स्क्रीनवर पास किंवा फेल येतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयसीएचची (औषधांचे नियम एकसारखे करणारी आंतरराष्ट्रीय परिषद) पद्धतीच्या व्हॅलिडेशनवरची क्यू२ ही मार्गदर्शिका सुधारित रूपात आणि पद्धत विकसित करण्यावरची नवी क्यू१४ मान्य झाली, आणि मल्टिव्हेरिएट, म्हणजे अनेक वेव्हलेंग्थ एकत्र वापरणाऱ्या, पद्धतींचं व्हॅलिडेशन (पद्धत कामाला योग्य आहे हे दाखवणं) कसं करायचं हे त्यात घातलं गेलं. आपल्या बहुतेक सिलॅबसमध्ये हे अजून आलेलं नाही, ग्रुप थिअरीचे दोन तास कमी करून तिथे द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे, कॅरेक्टर टेबल (मॉलिक्यूलच्या सममितीचा तक्ता) वापरून कुठली व्हायब्रेशन रामनमध्ये आणि कुठली इन्फ्रारेडमध्ये दिसेल एवढं आलं की अ‍ॅनालिस्टचं बरंचसं काम भागतं, आणि उरलेला वेळ मुलांनी एक मॉडेल स्वतः बांधून ते दुसऱ्या बॅचच्या सॅम्पलवर किती चुकतं हे बघण्यात घालवावा.