फर्ल्ड लीडर

फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे नकली माशी लावून मासे धरण्याच्या पद्धतीत, जाड मुख्य दोरी आणि गळाजवळचा केसासारखा बारीक धागा यांना जोडणाऱ्या निमुळत्या दुव्याला लीडर म्हणतात. हा दुवा एकसंध नायलॉनचा न घेता बऱ्याच बारीक धाग्यांना पीळ देऊन वळला, तर तो फर्ल्ड लीडर. लांबी साधारण ५ ते ८ फूट. त्याच्या टोकाला तीन-चार फूट टिपेट, म्हणजे तो केसासारखा बारीक धागा, बांधतात आणि टिपेटला पिसे व दोरा गुंडाळून केलेली नकली माशी.

या माशीला वजन जवळपास नसतेच. वजन असते ते दोरीला, आणि फेकतातही दोरीच. हवेत तिचा फास उलगडत पुढे जातो आणि उरलेली गती लीडरमधून टिपेटपर्यंत पोहोचते. मधला दुवा कुठे ताठ, कुठे वेटोळलेला असला की गती वाटेतच संपते. मग टिपेट गोळा होऊन पडते, नाहीतर माशी पाण्यावर आपटते. नितळ, संथ पाण्यातला ट्राउट मासा एवढ्यानेही बुजतो.

फर्ल्ड लीडरचा मोठा गुण म्हणजे लवचीकपणा, आणि त्यामागचे गणित सोपे आहे. गोल धाग्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.५ मिमी जाडीचा एकच धागा आणि तेवढ्याच छेदक्षेत्राचे ०.१२५ मिमीचे १६ धागे यांची तुलना केली, तर धागे एकमेकांवर मोकळे सरकतात असे धरल्यास जुडग्याचा ताठपणा सोळाव्या भागावर येतो. पिळातल्या घर्षणामुळे प्रत्यक्षात फरक इतका पडत नाही, पण हाताला लगेच जाणवतो. विजेची अनेक तारांची वायर सहज वाकते आणि तेवढ्याच जाडीची एकतारी वायर वाकवताना बोटे दुखतात, त्यातलाच हा प्रकार. शिवाय रिळावर महिनाभर राहिलेले नायलॉन वेटोळी धरून बसते; फर्ल्ड लीडर काढला की सरळ. पीळ थोडा ताणलाही जातो, त्यामुळे माशाचा पहिला हिसका लीडर झेलतो आणि ०.१५ मिमीचे टिपेट वाचते.

बनवण्याची रीत दोर वळण्याचीच आहे. फळीवर खुंट्या ठोकून दोरा त्यांच्याभोवती असा फिरवतात की जाड टोकाला वीसेक धागे असतील तर बारीक टोकाला चार-सहाच उरावेत. अशा दोन बाजू तयार करून दोन्हींना एकाच दिशेने पीळ देतात आणि मग एकत्र आणून उलटा पीळ देतात. दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून तो सुटत नाही. पीळ दिलेला दोरा मध्यावर दुमडला की दोन्ही पेड आपोआप एकमेकांभोवती वळतात, हे घरी नाडी वळलेल्या कोणालाही ठाऊक असते. बैलाचा कासराही याच तत्त्वावर वळतात. दोरा नायलॉनचा, पॉलिएस्टरचा, फ्लुरोकार्बनचा किंवा रेशमाचा चालतो. मात्र फ्लुरोकार्बन बुडते, म्हणून तरंगत्या माशीसाठी ते टाळलेले बरे.

कल्पना नवी नाही. १४९६ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या आणि परंपरेने ज्युलियाना बर्नर्स यांच्या नावावर असलेल्या गळाच्या मासेमारीवरील ग्रंथात घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोरी करण्याची कृती दिली आहे. कोणत्या माशाला किती केस हेही त्यात मोजून सांगितले आहे : ट्राउटला ९, मोठ्या ट्राउटला १२, सामनला १५. पुढे रेशीमकिड्यापासून काढलेली तात आली. ती वापरण्याआधी भिजवावी लागे. विसाव्या शतकात नायलॉनने तिलाही हटवले. इटलीतील वाल्सेसिया खोऱ्यात मात्र घोड्याच्या केसांच्या दोरीची परंपरा टिकून आहे, आणि जपानच्या बिनरिळाच्या तेनकारा पद्धतीतही पीळदार दोरी वापरतात.

काटकसर हा आणखी एक फायदा. एकसंध निमुळत्या लीडरला थेट माशी बांधली, तर ती बदलताना दर वेळी टोक थोडे कापले जाते आणि निमुळतेपणा घटतो. इथे टोकाला बारीक कडी किंवा फास असतो, कापले जाते ते फक्त टिपेट. जपून वापरल्यास एक लीडर हंगामभर सहज पुरतो.

तरीही तो सगळीकडे चालत नाही. धाग्यांच्या फटींत पाणी धरते, आणि दोरी हवेत मागेपुढे झुलवताना तुषारांची रेघ नेमकी माशाच्या डोक्यावर पडते. त्यावर उपाय दोनच : आधी मेण किंवा ग्रीस चोळणे, आणि झुलवणे बाजूला, माशापासून दूर उरकणे. लहान ओढ्यावर, तरंगत्या छोट्या माशीसाठी याच्यासारखा लीडर नाही. जड, बुडत्या माश्या फेकायच्या असतील तर साधे नायलॉन बरे. सगळ्यात वाईट अनुभव येतो तो फांदीत अडकलेली माशी ओढून काढताना. ताणलेला लीडर सुटतो, उसळून मागे येतो आणि स्वतःभोवतीच गुरफटतो. ती गाठ ओढली की आणखी आवळते. शांतपणे बसून सुईच्या टोकाने एकेक फास सैल करत जावे लागते, आणि एखादा धागा तुटला तर तिथला पीळ बिघडून लीडर वाकडा उलगडू लागतो.