जिना, मोरी आणि म्हातारपण

माझ्या आजीचं खुब्याचं हाड मोडलं ते लालबागच्या चाळीत, रात्री अडीचच्या सुमाराला, गॅलरीच्या टोकाच्या संडासाकडे जाताना. ती वाट तिला पन्नास वर्षांची पाठ होती. एका हातात टमरेल, दुसरा हात कठड्यावर. त्या रात्री कठड्यावर कुणीतरी गोधडी वाळत टाकली होती. तेवढ्यापुरता तिने हात सोडला आणि नेमकी तिथलीच फरशी ओली होती. सकाळी तिला लाकडी खुर्चीत बसवलं, जुन्या लुगड्याने खुर्चीला बांधलं आणि चाळीतल्या चार पोरांनी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवलं. जिना एवढा अरुंद, की प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी करावी लागायची आणि दर वळणाला आजी पदराचा बोळा तोंडात कोंबायची.

ऑपरेशन चांगलं झालं. पण त्या खोलीत ती पुन्हा कधी गेली नाही, कारण तो जिना तिला चढता येणार नव्हता. शेवटची चार वर्षं तिने बदलापूरला आत्याकडे तळमजल्यावर काढली आणि रोज संध्याकाळी चाळीची आठवण काढली.

म्हाताऱ्या माणसांचं पडणं आपण नशिबावर किंवा त्यांच्या हट्टावर ढकलतो. ‘हाक मारायची होती ना,’ असं म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने पडून झालेल्या दुखापतींमुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात आणि जीवघेणं पडणं सर्वांत जास्त घडतं ते साठीच्या पुढच्या माणसांत. यात नजर, गुडघे, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळ्यांचा वाटा असतो. पण घराचाही असतो आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. आपल्याकडची शहरातली घरं बांधली गेली तेव्हा म्हातारं माणूस त्यांच्या हिशोबातच नव्हतं. हे का झालं, हे समजायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

जुना वाडा काही म्हाताऱ्यांसाठी सोयीचा होता असं नाही. उंच जोतं, घोट्याच्या वर येणारे उंबरठे, भिंतीच्या जाडीतून गेलेला अंधारा जिना. त्या जिन्यात धरायला छताला बांधलेला एक दोर लोंबत असे आणि वर्षानुवर्षांच्या हातांनी तो काळा, गुळगुळीत झालेला असे. संडास परसात, म्हणजे पावसाळ्यात चिखलातून जायचं. तरीही म्हाताऱ्या पुरुषाला ओटी किंवा ओसरी होती. तिथे तो बसे, येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकत असे आणि त्याला जिना चढायचं कारण फारसं पडत नसे. म्हाताऱ्या विधवेच्या वाट्याला मात्र बहुतेकदा माजघरामागची अंधारी खोली येई. त्या काळाचे गोडवे गाताना ही खोली विसरू नये.

मुंबईची चाळ आली आणि ओटीही गेली. गिरण्यांना हात हवे होते. ते रत्नागिरी, सातारा आणि घाटावरून आले, आणि आले ते बहुतेक तरुण, एकटे पुरुष. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास होत्या. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या माणसांना अंघोळीला सार्वजनिक नळ आणि मजल्यावर सामाईक संडास पुरे, असं धरूनच चाळी बांधल्या गेल्या. १८९६ च्या प्लेगने शहर हादरलं, त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने हवा-उजेडाचा विचार केला, तो रोगराईच्या भीतीने. म्हाताऱ्यांचा प्रश्न त्या विचारात आलाच नाही.

पुढे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. बीडीडी चाळी त्याच खात्याच्या. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, इमारतीत साधारण ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. सिमेंट काँक्रीटच्या या भक्कम चाळी शंभर वर्षं टिकल्या, म्हणून पंचविशीतल्या गिरणी कामगारासाठी काढलेला नकाशा त्याच्या पणतीच्या काळापर्यंत वापरात राहिला.

मग तो कामगार म्हातारा झाल्यावर जायचा कुठे? गावी. हे उत्तर सगळ्यांना इतकं उघड होतं, की सरकारी अहवालातही तेच सापडतं. १९३१ मध्ये मजुरांच्या स्थितीवरच्या रॉयल कमिशनने, म्हणजे व्हिटली कमिशनने, कामगाराचं गावाशी असलेलं नातं टिकवलं पाहिजे असा स्पष्ट कौल दिला. आजारपण, बेकारी आणि म्हातारपण या तिन्हींत गाव हाच कामगाराचा आधार होता. गिरणीला त्याच्यासाठी पेन्शन द्यावी लागत नव्हती आणि शहराला त्याच्यासाठी घर बांधावं लागत नव्हतं. कोकणातली घरची बाई भाताचं खाचर सांभाळून, मनीऑर्डरची वाट बघत, हा सगळा खर्च आपल्या अंगावर घेत होती. मला वाटतं, आपल्या शहरी घरांच्या रचनेतलं सगळ्यात मोठं न सांगितलेलं गृहीतक हेच आहे. शहर तरुणपणी राबायचं, गाव म्हातारपणी टेकायचं.

भविष्य निर्वाह निधीचा कायदा आला १९५२ मध्ये, ग्रॅच्युइटीचा १९७२ मध्ये. हातात थोडा पैसा येऊ लागला. पण त्याच दरम्यान चाकरमान्याचं बिऱ्हाड मुंबईत स्थिरावत होतं. बायको आली, मुलं महापालिकेच्या शाळेत जाऊ लागली, गावच्या जमिनीचे भावाभावांत तुकडे झाले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरणीचं काम गेलं तेव्हा कितीतरी जण गावी परतले, पण अनेकांना आता परतायला जागाच उरली नव्हती. ते त्याच खोलीत म्हातारे झाले. माझे आजोबा त्यांतले एक.

खोली सुधारण्याचाही मार्ग बंद होता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. भाडेकरूला त्यामुळे छप्पर राहिलं, हे खरं. पण मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतलं. पडक्या इमारतींचा प्रश्न एवढा वाढला, की सरकारला १९६९ मध्ये दुरुस्ती आणि पुनर्रचनेसाठी स्वतंत्र कायदा करून मंडळ नेमावं लागलं. या मंडळाने टेकू लावले, गळती बुजवली. जिन्याला दुसऱ्या बाजूचा कठडा लावणं दुरुस्तीत मोडत नसे.

पुण्याची गोष्ट थोडी निराळी, पण शेवट तोच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले वाडे बसले. माणसं गावठाणाबाहेर नव्या वसाहतींत गेली. सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा, फ्लॅटच्या मालकीबद्दलचा १९६३ चा. त्या आधारावर पुढच्या तीस वर्षांत पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, सगळीकडे तीन-चार मजली सोसायट्या उभ्या राहिल्या. एवढ्या उंचीला लिफ्ट घातलीच पाहिजे असं बंधन सहसा नसे, म्हणून ती घातली जात नसे. संडास आणि नहाणी घरात आली, हा केवढा मोठा बदल होता! बायकांचं आयुष्य त्याने सोपं केलं. पण संडास उकिडवं बसायचाच राहिला आणि नहाणीला पाणी अडवायला चार बोटं उंच कट्टा आला. ठेचकाळण्याची ती एक नवी जागा.

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तेव्हा लोक हौसेने घेत. वर डास कमी, वारा भरपूर, गच्चीवर पापड वाळत घालता येतात. नवरा पस्तीस, बायको तीस. आज त्यांतले जे आहेत ते ऐंशीच्या घरात आहेत. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने आठवड्यातून दोनदाच खाली उतरायचं असं ठरवून टाकलं आहे. भाजी, दूध, औषधं वरून दोरीने सोडलेल्या पिशवीत येतात. सोसायटीत लिफ्टचा विषय दर वर्षी वार्षिक सभेत निघतो. तळमजल्यावाले म्हणतात, आम्ही पैसे का द्यायचे? पहिल्या मजल्यावाल्यांना वाटतं, निम्मेच द्यावेत. तोवर जिन्याच्या दर वळणावर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली आहे, टेकायला.

या सगळ्याच्या पोटात एक चांगली गोष्ट दडली आहे, ती सांगायला हवी. स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतात सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं, आता ते सत्तरीला पोचलं आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटी ३८ लाख भरली आणि महाराष्ट्रात शंभरातली जवळपास दहा. पूर्वी खुबा मोडला की माणूस वजनं लावून कित्येक आठवडे पाठीवर पडून राही. पाठीला जखमा होत, छातीत कफ साठे आणि त्यातच बरेचदा शेवट होई. सळई, स्क्रू आणि कृत्रिम सांध्यांची शस्त्रक्रिया रुळल्यावर माणूस काही दिवसांत वॉकर धरून उभा राहू लागला. म्हणजे वैद्यकाने आपलं काम केलं. दवाखान्यातून घरी आल्यावर जे लागतं, म्हणजे खुर्चीइतक्या उंचीचा कमोड, भिंतीतला दांडा, बसून अंघोळ करायला स्टूल, त्यात घरं मागे राहिली.

कमोडबद्दल तर आपल्याकडे बराच काळ नाक मुरडलं गेलं. ‘साहेबी’, ‘दुसरा जिथे बसला तिथे बसायचं?’ असे शब्द मी घरातच ऐकले आहेत. आणि संडास या विषयाचाच संकोच जुना आहे. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात स्वस्त, मैला डोक्यावरून वाहावा न लागणारे संडास करून दाखवले, तेव्हाही आधी लोकांच्या मनातली किळस हटवावी लागली होती. २०१४ नंतर स्वच्छ भारत मोहिमेत गावोगाव संडास झाले. ते बहुतेक उकिडवं बसायचे, घराबाहेर, दोन पायऱ्या चढून. गुडघे गेलेल्या आजीला ते दार उघडं असूनही बंदच असतं. मग मधलं भोक कापलेली प्लास्टिकची खुर्ची त्यावर ठेवतात. गावातला सुतार नाहीतर वेल्डर हे काम तासाभरात करून देतो. एका घरात मी अशाच खुर्चीच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेले पाहिले, घसरू नये म्हणून. केवढी काळजी होती त्या ट्यूबच्या गाठींत!

कायदा या बाबतीत वळसा घेऊन आला. आधी पोटाचा प्रश्न. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आईवडिलांना मुलांकडे पोटगी मागण्याची वाट दिली आणि १९८७ मध्ये कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लग्न झालेल्या मुलीवरही ती जबाबदारी आहे असं ठरवलं. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून लागू झाला. त्याचं कलम २३ घराशी थेट जोडलेलं आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्राने घर मुलाच्या नावे केलं आणि मुलाने सांभाळ केला नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करायचा. मात्र ही सांभाळाची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्यावी, हे मी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला हात धरून सांगेन. सही करताना नात्याच्या भिडेने ती गाळली जाते आणि मग तारखांवर तारखा पडत राहतात.

प्रत्यक्ष घराच्या रचनेला हात घातला तो अपंगांच्या चळवळीने. १९९५ चा आणि नंतर २०१६ चा कायदा त्यांच्या रेट्यामुळे झाला. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार, चाकाची खुर्ची जाईल एवढं रुंद दार, ही मापं सरकारी इमारतींच्या नियमांत त्यांच्यामुळे आली. पायरी चढू न शकणारे आजोबा त्याच उतारावरून बँकेत जातात. या ऋणाची आपण फारशी जाणीव ठेवत नाही.

ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या घरांबद्दल केंद्राने २०१९ मध्ये नमुना मार्गदर्शक तत्त्वं काढली. मे २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, आपल्या राज्यात अशा प्रकल्पांना किमान निकष घालून दिले. एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट, किमान ९०० मिलिमीटर रुंद दारं, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, न घसरणाऱ्या फरश्या, बाथरूममध्ये धरायला दांडे. वाचताना मला आजीचा तो जिना आठवला. वाड्यातला काळा दोर शेवटी सरकारी कागदावर आला होता. पण हे निकष ‘ज्येष्ठांसाठी’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या नव्या प्रकल्पांना आहेत. जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना ते लागू नाहीत, आणि म्हातारी माणसं बहुसंख्येने तिथेच राहतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातली पहिली ५५६ घरं रहिवाशांना मिळाली. पाचशे चौरस फूट, संडास घरात, उंच टॉवर, लिफ्ट. शंभर वर्षांनी पहिल्यांदा त्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बाईला रात्री अडीच वाजता दार उघडून बाहेर जावं लागणार नाही. मला त्याचा मनापासून आनंद झाला. तिथल्या एका आजींना मी विचारलं, घर कसं आहे? म्हणाल्या, ‘घर छान आहे गं. पन रात्री पडले तर ऐकू कुनाला जानार? पूर्वी कठड्यावर काठी आपटली की चार दारं उघडायची.’ सुनेने त्यांच्या गळ्यात शिट्टी बांधून दिली आहे. अंघोळीला जातानाही त्या ती काढत नाहीत.