अंतानानारिव्होच्या टेकडीवरची चार चर्च

मादागास्करला जाऊन राहिलेले मिशनरी घरी जी पत्रं लिहितात, त्यांत काही गोष्टी हमखास येतात. तिन्ही त्रिकाळ भात, बाजारातली गर्दी, आनोसी तळ्याकाठचे जांभळ्या फुलांनी लदलेले जॅकरांडा, टेकडीवरची दगडी चर्च, सुट्टीत आंत्सिराबेची गरम पाण्याची कुंडं. वाचताना सहलीचं वर्णन वाटतं. पण यातली बरीच ठिकाणं आधीच्या मिशनऱ्यांनीच उभी केली आहेत, आणि काही ठिकाणी मालागासी, म्हणजे मादागास्करच्या, माणसांचं रक्त सांडलं आहे.

या कथेचा एक जुना धागा गोव्याला येऊन पोचतो. १६१३ मध्ये गोव्याहून निघालेलं पोर्तुगीज जहाज बेटाच्या आग्नेय किनाऱ्याला लागलं. त्यावर जेझुइट पाद्री होते. परतताना तिथल्या राजाचा कोवळा मुलगा जबरदस्तीने जहाजावर चढवला गेला. गोव्यात त्याला बाप्तिस्मा दिला, शिकवलं आणि १६१६ मध्ये परत नेऊन सोडलं. मुलगा पळवून सुरू झालेलं ते काम तिथे रुजलं नाही. त्यात मला नवल वाटत नाही.

खरी सुरुवात पेशवाई बुडाली त्याच वर्षी झाली. ऑगस्ट १८१८ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे डेव्हिड जोन्स आणि थॉमस बेव्हन हे दोघे वेल्श तरुण तामाताव्हला, म्हणजे आजच्या तोआमासिनाला उतरले. मग मॉरिशसला जाऊन त्यांनी बायकामुलांना आणलं. पुढच्या काही महिन्यांत हिवतापाने बेव्हन, त्याची बायको आणि मूल गेलं. जोन्सची बायको आणि मूलही गेलं. जोन्स एकटा उरला. तरीही तो १८२० मध्ये परत आला, या वेळी किनारा सोडून डोंगरावर, इमेरिना राज्याच्या राजधानीत, अंतानानारिव्होला. तिथला राजा रादामा पहिला याने त्याला आसरा दिला. डिसेंबरमध्ये शाळा भरली, तेव्हा तिच्यात तीन मुलं होती.

तामाताव्हहून अंतानानारिव्होला आज गाडीने एका दिवसात जाता येतं. तेव्हा आठ-दहा दिवस लागायचे. वाहन एकच, फिलांझाना. दोन लांब दांडे, मध्ये बसायची जागा, चार भोई. जोडीला आणखी चार जण पळत असायचे आणि न थांबता खांदा बदलायचे. किनाऱ्याची दलदल, मग नदीतून कोरीव होडी, मग निसरडं दाट जंगल. चांगला रस्ता मुद्दामच बांधलेला नव्हता. ‘हाझो’ आणि ‘ताझो’, म्हणजे जंगल आणि ताप, हे आपले दोन सेनापती आहेत, असं रादामा म्हणायचा अशी आख्यायिका आहे. या वाटेची वर्णनं त्या काळच्या मिशनऱ्यांनी पानंच्या पानं लिहिली. भोयांच्या खांद्यांबद्दल मात्र त्यांत फार थोडं येतं.

मिशनऱ्यांचं जेवण मालागासी घरासारखंच. भात काढून झाला की भांड्याच्या तळाच्या करपलेल्या खरवडीवर पाणी घालून उकळायचं आणि तेच गरम गरम प्यायचं. याला रानोव्होला म्हणतात. आजही पाहुण्याला पहिल्याच दिवशी ते चाखायला मिळतं.

जोन्स, डेव्हिड ग्रिफिथ्स आणि त्यांचे मालागासी विद्यार्थी यांनी भाषा रोमन लिपीत बसवली. व्यंजनं इंग्रजीसारखी, स्वर फ्रेंचसारखे, असा निवाडा १८२३ मध्ये खुद्द राजाने दिला. तरी ‘ओ’चं अक्षर लिहितात आणि ‘उ’ वाचतात. नवा मिशनरी अजून तिथेच अडखळतो. सोसायटीने सुतार, लोहार, विणकर, चांभारही पाठवले. १८२६ मध्ये आलेल्या जेम्स कॅमेरॉनने छापखाना चालू केला. आनोसी तळंही त्यानेच खोदवलं, बारुदाच्या कारखान्याला पाणी मिळावं म्हणून.

१८२८ मध्ये रादामा वारला आणि रानाव्हालोना पहिली गादीवर आली. १ मार्च १८३५ रोजी तिने प्रजेला ख्रिस्ती धर्म पाळायला बंदी केली. त्याच वर्षी मालागासी बायबल छापून पूर्ण झालं होतं, आणि पुढच्या वर्षापर्यंत बहुतेक मिशनरी निघून गेले. तिला नुसतं क्रूर म्हणून मोकळं होता येत नाही. परकी सत्ता दाराशी आली आहे हे तिला दिसत होतं, आणि १८४५ मध्ये ब्रिटिश-फ्रेंच जहाजांनी तामाताव्हवर तोफा डागल्याच. पण किंमत मोजली साध्या माणसांनी. १८३७ मध्ये रासालामा या ख्रिस्ती तरुणीला राजधानीतल्या आंबोहिपोत्सीला भाल्यांनी मारलं. १८४९ मध्ये आंपामारिनानाच्या कड्यावरून चौदा जणांना ढकललं, तर फाराव्होहित्राला चौघांना जाळलं. बायबलच्या प्रती लोकांनी जमिनीत पुरून जपल्या.

लंडन मिशनरी सोसायटीचा विल्यम एलिस १८५६ मध्ये कॅमेरा घेऊन राजधानीत येऊन गेला होता. राणीच्या मृत्यूनंतर १८६२ मध्ये तो परतला, तेव्हा ख्रिस्ती माणसं कमी होण्याऐवजी वाढलेली होती. हे काम पूर्णपणे मालागासी माणसांचं, आणि माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. एलिसने त्या तीन जागा आणि आंबातोनाकांगा इथे स्मारक चर्च बांधायची ठरवली. वास्तुकार जेम्स सिब्री १८६३ मध्ये आला. १८६७ ते १८७४ या काळात चारही चर्च उभी राहिली.

नॉर्वेचे लुथरन पंथाचे मिशनरी १८६६ मध्ये आले आणि आंत्सिराबे त्यांनी वसवलं. १८९६ मध्ये फ्रेंचांनी बेट गिळलं.

आंबोहिपोत्सीचं चर्च टेकडीच्या दक्षिण टोकाला आहे. फोटो काढायला लोक त्याच्या मागे जातात, कारण तिथून खाली भातखाचरं पसरलेली दिसतात. रासालामाला आणलं ते याच टोकावर. वाटेत ती गात होती.