सीटखालचे वॉशर आणि ५० मायक्रॉनचा हिशेब

सीट जितकी खाली तितकी गाडी वळणावर जास्त चिकटते, हा स्पोर्ट्स कारवाल्यांचा लाडका समज. आकडे मांडून पाहू. चालक ७५ किलो, सीट १५ किलो. हे ९० किलो २५ मिलिमीटर खाली आणले आणि गाडी चालकासकट १२०० किलोची धरली, तर तिचा गुरुत्वमध्य जेमतेम दोन मिलिमीटर उतरतो. टायर अर्धे झिजले तर गाडी याहून जास्त खाली येते! सीटची उंची बदलायची खरी कारणे वेगळी आहेत: हेल्मेट छताला घासते, स्टिअरिंगच्या कड्याआड मीटर लपतात, किंवा बॉनेटपलीकडचा रस्ताच दिसत नाही. अशा बऱ्याच गाड्यांत उंचीचा लिव्हर नसतो, कारण ती यंत्रणाच जागा आणि वजन खाते.

सीट खाली न्यायचा जुना उपाय म्हणजे कव्हर काढून फोम कापणे. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ चे उंच मालक तो सर्रास करतात. कापायचे ते खालच्या बाजूने आणि बैठकीच्या हाडांखालीच. मांडीखालचा पुढचा उंचवटा तसाच राहू द्या. टक्कर झाली की शरीर कमरेच्या पट्ट्याखालून पुढे निसटू नये याला त्याचाही हातभार असतो. २५ मिलिमीटर कापले म्हणून तेवढेच खाली जाल असे नाही, कारण तो फोम वजनाने आधीच दबत होता. आत हीटरची जाळी किंवा सेन्सर असेल तर सुरी लावूच नका.

सीट वर घ्यायची तर ती ज्यावर सरकते ते रूळ आणि गाडीच्या जमिनीचा पत्रा यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे मधे भोक असलेला जाड ठोकळा, घालून लांब बोल्ट लावतात. काम सोपे वाटते, आणि नेमके इथेच चुकते.

बोल्ट खुंटीसारखा सीटला अडवून धरत नाही. आवळलेला बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग. ती रूळ आणि पत्रा एकमेकांवर दाबते, आणि त्या दाबातून निर्माण होणारे घर्षण आडवा धक्का पेलते. ८.८ दर्जाचा (हा मजबुतीचा आकडा) एम१० म्हणजे १० मिलिमीटर जाडीचा बोल्ट सुमारे ५० न्यूटन-मीटर टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, आवळला की त्यात २५ किलोन्यूटनच्या आसपास ताण येतो, म्हणजे अडीच टनांचे वजन टांगल्याइतका. २० मिलिमीटरचा स्पेसर आणि ४ मिलिमीटरचा रूळ धरला, तर एवढ्या ताणाने बोल्ट लांबतो किती? सुमारे ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. सीटची सगळी पकड या एवढ्याशा लांबीवर उभी असते.

आता अखंड स्पेसरऐवजी २ मिलिमीटरच्या दहा वॉशरांची चळत लावा. धातूचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यावर बारीक उंचवटे असतात आणि ते दाबाखाली चेपतात. दर सांध्याला साधारण दोन-तीन मायक्रॉन. बोल्टच्या डोक्यापासून मोजले तर अखंड स्पेसरला असे तीन सांधे, चळतीला बारा. पंचवीस-तीस मायक्रॉन तिथेच गेले. पत्रा आणि वॉशर स्वतःही थोडे दबलेले असतात, म्हणून ताण पुरता संपत नाही. पण जवळपास निम्मा जातो. रंगवलेला स्पेसर त्याहून वाईट: पावडर कोटिंगचा नुसता थरच ६० मायक्रॉन किंवा जास्त जाड असतो आणि तो हळूहळू चेपत राहतो. टायटॅनियमचे चकचकीत स्पेसर मिरवण्यापुरते ठीक; हा हिशेब काही त्यांनी बदलत नाही.

ताण गेला की सांधा घसरतो, आणि मग बोल्ट खरोखरच खुंटी होऊन वाकतो. एका बोल्टवर ३ किलोन्यूटन आडवे बल आले तर २० मिलिमीटरच्या तरफेने ६० न्यूटन-मीटरचे वाकवणारे आघूर्ण तयार होते. असा बोल्ट ३५ न्यूटन-मीटरच्या आसपासच कायमचा वाकू लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या १७ क्रमांकाच्या नियमानुसार सीटच्या जोडणीला ३० मिलिसेकंद २० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट धक्का, सोसावा लागतो. पट्ट्याचे बकल सीटलाच असेल, तर चालकाच्या वजनाचा ओढाही याच बोल्टांवर येतो.

म्हणून स्पेसर एकसंध पोलादी हवा: बाहेरचा व्यास २५ ते ३० मिलिमीटर, दोन्ही तोंडे समांतर, रंगाशिवाय. रबर, नायलॉन, लाकूड नकोच. नवा बोल्ट त्याच दर्जाचा आणि जुन्यापेक्षा स्पेसरच्या जाडीइतकाच जास्त लांब घ्या. आखूड घेतला तर आटे पुरेसे पकडत नाहीत (एम१० ला किमान १० मिलिमीटर हवेत), फार लांब घेतला तर तो खालच्या ब्रेकच्या किंवा इंधनाच्या नळीपर्यंत पोचू शकतो. आट्यांचे अंतर १.२५ की १.५ मिलिमीटर हेही तपासा. चुकीचा बोल्ट हाताने एक-दोन फेरे जातो आणि अडतो; पान्याने रेटलात तर पत्र्याला वेल्ड केलेल्या नटाचे आटे जातात.

फक्त पुढची बाजू १० मिलिमीटर उचलली आणि पुढच्या-मागच्या भोकांत ३६० मिलिमीटर अंतर असले, तर सीट १.६ अंश कलते आणि डोळे सुमारे दोन सेंटिमीटर मागे जातात. पण सपाट स्पेसर आता एका कडेवरच टेकतो, म्हणून तिथे पाचरीच्या आकाराचा किंवा गोलाकार बैठकीचा वॉशर जोडी लागतो. डावी-उजवी जाडी सारखी ठेवा, नाहीतर रूळ पिळतात आणि सीट सरकताना अडकते.

कामाआधी इग्निशन बंद करा, बॅटरीची ऋण तार काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. ते परत जोडेपर्यंत इग्निशन लावायचे नाही. सीट मागे सरकवून पुढचे बोल्ट काढा, पुढे सरकवून मागचे. बसवताना दोन्ही रूळ एकाच खाचेत आहेत हे पाहून चारही बोल्ट आधी हाताने लावा आणि मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्यायचा, वरचे ५० फक्त गणितापुरते. बोल्टच्या डोक्यावरून रुळापर्यंत रंगाची एक रेघ ओढा. काही शे किलोमीटरनंतर ती तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला. रेघ जुळलेली असली तरी एकदा टॉर्क तपासा, कारण सांधा चेपून गेलेला ताण रेघेत दिसत नाही.

शेवटी बसून पाहा. छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवे. फोम कापला असेल तर बकल तुमच्या तुलनेत वर आलेले असते, तेव्हा पट्टा कमरेच्या हाडांवरच बसतो की पोटावर चढतो ते बघा. पोटावर चढत असेल तर फोमचा तुकडा परत चिकटवा.