ना अपील, ना वकील, ना दलील : उत्तर वझिरिस्तानची पार्श्वभूमी

आपल्याकडे 'अटकेपार' म्हटलं की झेंडा आठवतो आणि भूगोल तिथेच संपतो. अटकेला सिंधू ओलांडून नैर्ऋत्येकडे गेलं की कोहाट, पुढे बन्नू. बन्नूचं सपाट रान संपून डोंगर सुरू झाले की पाकिस्तानातलं उत्तर वझिरिस्तान. क्षेत्रफळ ४,७०७ चौरस किलोमीटर, २०२३च्या जनगणनेत वस्ती सुमारे सात लाख. पलीकडे अफगाणिस्तानचे खोस्त आणि पक्तिका हे प्रांत.

टोची नदीकाठची ओलिताची शेती दावर जमातीची, डोंगर आणि कुरणं वझीर जमातीची; दोन्ही पश्तूनच. घर म्हणजे मातीच्या उंच भिंतींची गढी आणि कोपऱ्याला टेहळणीचा बुरूज. पाहुणा थेट घरात जात नाही, तो हुजऱ्यात, म्हणजे बाहेरच्या बैठकीत बसतो. बोलीही वेगळी: इतर पश्तून आईला 'मोर' म्हणतात, वझीर 'मेर'. शवालच्या डोंगरात चिलगोझ्याची जंगलं आहेत. सुकामेव्याच्या दुकानात आपण ज्याचा भाव विचारून पुढे सरकतो, तो चिलगोझा इथे कुटुंबाची वर्षाची रोकड असतो.

१२ नोव्हेंबर १८९३ रोजी काबुलात अफगाणिस्तानचा अमीर अब्दुर रहमान आणि इंग्रजांचा वकील मॉर्टिमर ड्युरँड यांच्यात करार झाला, त्यातली सीमा म्हणजेच ड्युरँड रेषा. बिरमल हा पट्टा अमिराकडे राहिला, बाकी वझिरिस्तानावरचा हक्क त्याने सोडला. वझिरांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या सोयरिकी आणि चराईच्या वाटा पूर्वीसारख्याच दोन्हीकडे चालू राहिल्या.

इंग्रजांना हा मुलूख हवा होता, पण चालवायचा नव्हता. त्यातून आला १९०१चा सरहद्द गुन्हे कायदा, अर्थात एफसीआर. पोलिटिकल एजंट हाच कलेक्टर आणि तोच न्यायाधीश. सरकारी भत्ता खाणारे मलिक, म्हणजे जमातीचे पुढारी, त्याचे मध्यस्थ, आणि जिरग्याचा, म्हणजे जमातीच्या पंचायतीचा कौल त्याच्यावर बंधनकारक नव्हता. सगळ्यात जाचक होती सामूहिक जबाबदारी. गुन्हा एकाचा, पण दंड जमातीला, जनावरं भावकीची जप्त, बाजारातली दुकानं कुळाच्या नावावर बंद. 'ना अपील, ना वकील, ना दलील' हे या कायद्याचं वर्णन लोकांच्या तोंडी बसलं. मराठी माणसालाही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

तरीही मुलूख काबूत आला नाही. १९३६ साली बन्नूतल्या एका हिंदू मुलीच्या धर्मांतराचं आणि लग्नाचं प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने तिचा ताबा नवऱ्याला दिला नाही. त्यावरून इपी गावच्या मिर्झा अली खान या फकिराने उठाव केला. १९३७ साली त्याच्या मागावर इंग्रजांची सुमारे ४० हजार फौज होती. विमानांतून आधी इशाऱ्याची पत्रकं पडायची, मग बॉम्ब. फकीर शेवटपर्यंत सापडला नाही. फाळणीनंतर तो पाकिस्तानशीही भांडत राहिला आणि १९६० साली आजारपणाने वारला. (याच मुलखातल्या रझमक छावणीत बायकांना मज्जाव होता, म्हणून गोरे शिपाई तिला जगातला सर्वांत मोठा मठ म्हणत.)

इंग्रज गेले, एफसीआर राहिला. नव्या राज्याला तो फारच सोयीचा पडला असावा. सरसकट प्रौढ मतदान इथे आलं ते थेट १९९७ साली. तोवर मत मलिकांचं. ज्या मुलखात कोर्ट नाही, पक्ष नाही, बातमीदाराला वाट नाही, तिथे २००१नंतर सीमेपलीकडून आलेल्या बंदूकवाल्यांना जागा मिळाली यात नवल कसलं? मग अमेरिकेचे ड्रोन आले, आणि १५ जून २०१४ला पाकिस्तानी लष्कराची 'झर्ब-ए-अझ्ब' मोहीम. लाखो लोक बन्नूकडे निघाले. हजारो उलट्या दिशेने खोस्तमधल्या गुलान निर्वासित छावणीत गेले. परतले तेव्हा मिरानशाह या इथल्या मुख्य गावाचा जुना बाजार भुईसपाट झाला होता. पूर्ण पडलेल्या घराला भरपाई ठरली चार लाख रुपये, अर्धवट पडलेल्याला एक लाख साठ हजार, रुपये पाकिस्तानी.

मे २०१८मध्ये २५व्या घटनादुरुस्तीने हा मुलूख खैबर पख्तुनख्वा प्रांतात आला. ११७ वर्षांनी एफसीआर गेला, एजंटाच्या जागी डेप्युटी कमिशनर बसला. त्याच सुमारास ड्युरँड रेषेवर काटेरी कुंपण उभं राहत होतं. त्यामुळे सव्वाशे वर्षं कागदावर असलेली रेषा चराईच्या वाटांवर आता खरोखरच आडवी आली. अपील आणि वकील मिळाले, पण सुरुवातीला उत्तर वझिरिस्तानचं कोर्ट भरलं ते बन्नूत. तारखेला हजर राहायचं तर मिरानशाहहून चौक्यांवर ओळखपत्र दाखवत खाली उतरायचं.