ब्लॉगला दुकान जोडताना : वर्डप्रेसवर वूकॉमर्स

पाककृती, पुस्तकं, बागकाम, हातमाग अशा विषयांवर वर्डप्रेसमध्ये ब्लॉग चालवणाऱ्यांना पुढे त्याच साइटवर विक्री सुरू करावीशी वाटते. वूकॉमर्स हे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायची सोय, त्यासाठीच आहे. ते फुकट मिळतं आणि बसवायला दहा मिनिटं पुरतात. खरं काम त्यानंतरचं. ब्लॉग सगळ्यांना सारखाच दिसतो. दुकानाचं पान मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळं दिसावं लागतं आणि तिथे कधीही नवी नोंद पडू शकते. ब्लॉगच्या सवयी दुकानाला तशाच लावल्या की अडचणी सुरू होतात. हे पत्रक मुख्यतः त्या अडचणींबद्दल आहे.

बसवण्याआधी

वर्डप्रेस स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर हवं. ब्लॉगरवर किंवा वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत प्लॅनवर वूकॉमर्स बसत नाही. ब्लॉगरवरचे लेख वर्डप्रेसमध्ये आणता येतात, पण आणल्यावर चित्रं कुठून उघडतात ते तपासा. बऱ्याचदा ती जुन्याच ठिकाणाहून येत असतात. पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) मेमरी मर्यादा २५६ एमबी ठेवा आणि एसएसएल, म्हणजे पत्त्यात ‘https’ आणणारी सुरक्षा, आधी चालू करा.

बसवताना वूकॉमर्स शॉप, कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही पानं तयार करतं. ती ओळखली जातात क्रमांकावरून, त्यामुळे शीर्षक ‘दुकान’ किंवा ‘पिशवी’ केलं तरी बिघडत नाही. मात्र ‘रिकामी दिसतात’ म्हणून ती काढून टाकू नका. निघालीच तर वूकॉमर्स → स्टेटस → टूल्समध्ये ती पुन्हा तयार करायचं बटण आहे.

पत्ते आणि देवनागरी

सेटिंग्ज → रीडिंगमध्ये मुखपृष्ठ आणि लेखांचं पान वेगवेगळं निवडा. लेखांच्या पानाच्या जागी शॉपचं पान कधीही देऊ नका. पर्मालिंक्समध्ये, म्हणजे पानांच्या पत्त्यांच्या सेटिंगमध्ये, ‘पोस्ट नेम’ ठेवा. लेखांचे वर्ग आणि वस्तूंचे वर्ग वर्डप्रेस वेगळे सांभाळतं, म्हणून ‘लोणची’ दोन्हीकडे चालतं. पत्ता छोटा करायच्या नादात दोन्हींचा ‘बेस’ (पत्त्यात वर्गाच्या नावाआधी येणारा शब्द) काढून टाकला, तर एकाच पत्त्यावर दोघं हक्क सांगतात आणि ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, दिसू लागतं.

वस्तूचा पत्ता, म्हणजे स्लग, रोमन लिपीत लिहा. कारण तांत्रिक आहे. स्लगला डेटाबेसमध्ये २०० चिन्हांची जागा असते आणि तिथे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा, ९ चिन्हं खातं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं मावतात. ‘कैरीचं आंबटगोड लोणचं अर्धा किलो’ या नावाचा पत्ता ‘अर्’पाशीच तुटतो. वजन, रंग, माप अशा ॲट्रिब्यूटच्या स्लगला तर २८ बाइटचीच मर्यादा आहे. देवनागरी चिन्ह ३ बाइट घेतं, त्यामुळे थोडं लांब नाव दिलं की ‘स्लग फार मोठा आहे’ असा नकार मिळतो. गिऱ्हाइकाला दिसणारं नाव मराठीच ठेवा, फक्त स्लग रोमनमध्ये.

कॅश : सर्वांत जास्त डोकेदुखी इथे

ब्लॉग वेगवान करायला तयार पानाची प्रत साठवून सगळ्यांना तीच देतात; यालाच कॅश (cache) म्हणतात. लेखासाठी ही उत्तम सोय आहे. कार्टच्या पानाची प्रत साठली, की एकाने घातलेल्या वस्तू दुसऱ्याला दिसतात, किंवा वस्तू घालूनही कार्ट रिकामीच राहते. चेकआउटची प्रत साठली तर नाव-पत्ता उघडा पडायचा धोका आहे.

नावाजलेली कॅश प्लगइन्स वूकॉमर्सची पानं आपोआप वगळतात. फसगत होते ती होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवरच्या कॅशमुळे आणि क्लाउडफ्लेअरवर (साइट आणि पाहुणे यांच्या मध्ये बसणारी सेवा) ‘सगळंच साठवा’ असा नियम लावल्यामुळे. या दोघांना तुमची कार्ट कुठे आहे हे ठाऊक नसतं. तिथे कार्ट, चेकआउट, माय अकाउंट हे तीन पत्ते हाताने वगळावे लागतात. शिवाय वूकॉमर्सची कार्ट आणि सेशनची कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण) असलेल्या पाहुण्याला साठवलेलं पान द्यायचं नाही, असाही नियम घालावा लागतो.

तपासणी सोपी आहे. संगणकावर एक वस्तू कार्टमध्ये घाला. मोबाइलवर, वायफाय बंद करून, दुसरीच वस्तू घाला. दोन्हीकडे पान ताजं करा आणि कार्टमध्ये आपापलीच वस्तू आहे ना ते बघा. थीम, कॅश किंवा होस्टिंग बदललं की प्रत्येक वेळी हे करा.

‘प्लेस ऑर्डर’ दाबल्यावर चक्र नुसतं फिरत राहिलं, तर आधी जावास्क्रिप्ट उशिरा चालवणारी किंवा एकत्र बांधणारी सोय बंद करून पाहा. साइटचा वेग मोजणाऱ्या चाचणीत चार गुण जास्त मिळावेत म्हणून ती चालू केलेली असते. चेकआउटवर तिचा उपयोग नाही, तोटाच आहे.

पैसे गेले, ऑर्डर नाही

गिऱ्हाईक मोबाइलवर यूपीआय ॲपमध्ये पैसे भरतं आणि ब्राउझरकडे परत न येताच फोन बाजूला ठेवतं. पैसे आल्याचं दुकानाला कळत नाही, ऑर्डर ‘पेंडिंग पेमेंट’मध्ये अडकते. माल राखून ठेवायची मुदत मुळात ६० मिनिटं असते. ती संपली की ऑर्डर रद्द होते आणि माल पुन्हा विक्रीला खुला होतो. म्हणून पेमेंट गेटवेच्या (गिऱ्हाइकाचे पैसे स्वीकारून देणारी सेवा) डॅशबोर्डवर वेबहुक लावणं हा ऐच्छिक भाग समजू नका. वेबहुक म्हणजे गेटवेने थेट तुमच्या सर्व्हरला दिलेला निरोप, त्यात ब्राउझर मध्ये येत नाही. त्याचा गुप्त शब्द दोन्हीकडे तंतोतंत एकच हवा आणि सुरक्षा प्लगइनने तो पत्ता अडवता कामा नये. चाचणी मोड झाल्यावर गेटवेच्या खऱ्या किल्ल्या (‘की’) घालून छोट्या रकमेची एक खरी ऑर्डर द्या, आणि मुद्दाम पैसे भरल्यावर ब्राउझर बंद करा.

जीएसटीचा तक्ता

किमती करासह लिहायच्या की कराविना, हे पहिली वस्तू चढवण्याआधी ठरवा. नंतर ही निवड बदलली तरी आधी चढवलेल्या किमती आपोआप बदलत नाहीत.

दुकान महाराष्ट्रात आणि वस्तूवर ५ टक्के कर असेल, तर तीन ओळी लागतात : राज्यातल्या विक्रीला सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा), राज्याबाहेरच्या विक्रीला आयजीएसटी. पहिली : देश भारत, राज्य महाराष्ट्र, सीजीएसटी २.५, प्रायॉरिटी १. दुसरी : देश आणि राज्य तेच, एसजीएसटी २.५, प्रायॉरिटी २. तिसरी : देश भारत, राज्य रिकामं, आयजीएसटी ५, प्रायॉरिटी १. एका प्रायॉरिटीतून एकच दर निवडला जातो, आणि राज्य लिहिलेली ओळ रिकाम्या ओळीवर मात करते. पहिल्या दोन्ही ओळींना प्रायॉरिटी १ दिली तर अर्धाच कर लागतो. ‘कंपाउंड’ची खूण केली तर करावर कर चढतो. वेगळ्या दराच्या वस्तूंसाठी वेगळा टॅक्स क्लास करा. कोणत्या वस्तूला कोणता दर, ते तुमच्या सीएंना विचारा. राज्याबाहेर करपात्र माल पाठवणार असाल तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते; हस्तकलेच्या काही वस्तूंना सूट आहे.

पीडीएफ बिलात मराठी हवं असेल तर प्लगइन घेण्याआधी नमुना काढून बघा. यातली बरीच प्लगइन्स डॉमपीडीएफ या पीडीएफ बनवणाऱ्या प्रणालीवर चालतात आणि त्याला देवनागरीची जोडणी जमत नाही : ‘किलो’ची वेलांटी ‘क’च्या डावीकडे न बसता उजवीकडे पडते, जोडाक्षरं सुटी होतात. फाँट बदलून हे सुटत नाही. एमपीडीएफ या दुसऱ्या प्रणालीवर चालणारं प्लगइन निवडा.

डिलिव्हरी, मेल, प्रतिक्रिया

शिपिंग झोन वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळणारा लागू होतो. म्हणून शहराचे पिनकोड वर, मग महाराष्ट्र-गोवा, शेवटी उरलेला भारत. कॅश ऑन डिलिव्हरी ठरावीक शिपिंग पद्धतींपुरतीच चालू ठेवता येते, तशीच ठेवा.

ऑर्डरचे मेल सर्व्हरवरून थेट गेले तर स्पॅममध्ये पडतात. मेल सेवेमार्फत मेल पाठवणारं एसएमटीपी प्लगइन लावा, डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरोखर तुमचाच आहे हे पटवणाऱ्या) नोंदी करा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता स्वतःच्या डोमेनचा ठेवा, जीमेलचा नको.

वस्तूंवरचे अभिप्राय वर्डप्रेस ब्लॉगच्या प्रतिक्रियांच्याच कोठारात ठेवतं. स्पॅमला कंटाळून पूर्ण साइटच्या प्रतिक्रिया बंद करणारं प्लगइन लावलं, तर वस्तूंचे अभिप्रायही गायब होतात. फक्त लेखांवर बंद करा.

लेखात वस्तू दाखवायला संपादकात तिरकी रेघ टाइप करून ‘हँडपिक्ड प्रॉडक्ट्स’ ब्लॉक घ्या. किंमत लेखात हाताने लिहू नका. ती बदलली की लेख जुना पडतो.

बॅकअप

ब्लॉगचा आठवड्याचा बॅकअप परत बसवला तर फार तर एखादा लेख जातो. दुकानाचा बसवला तर मधल्या सगळ्या ऑर्डर पुसल्या जातात, पैसे मात्र तुमच्याकडे आलेले असतात. डेटाबेसचा बॅकअप रोजचा, विक्री वाढल्यावर तासाचा ठेवा. चाचणी साइटवर केलेला बदल मूळ साइटवर नेताना फक्त फायली न्या; पूर्ण डेटाबेस कधीच नाही. वूकॉमर्सचं मोठं अपडेट दिवाळीच्या आदल्या आठवड्यात करू नका.

तुमचं दुकान उभारायचं काम सुरू करण्याआधी आम्हाला लागेल

होस्टिंग आणि डोमेनचं लॉगिन, पॅन, बँक खात्याचा तपशील, असल्यास जीएसटी क्रमांक, खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक. प्रत्येक वस्तूचं नाव, वजन, एमआरपी, एचएसएन कोड (जीएसटीसाठी वस्तूचा वर्ग सांगणारा क्रमांक) आणि चौरस फोटो, बाजू किमान ८०० पिक्सेल. संपर्क, परतावा, डिलिव्हरी, अटी आणि गोपनीयता यांचा मजकूरही द्या; ही पानं नसतील तर पेमेंट गेटवे खातं मंजूर करत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर हवा. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं, तेव्हा मेल रोज बघणाऱ्या माणसाचंच नाव द्या.